डीएलटी एसएमएस नोंदणी: नियम पक्के, पण टेम्प्लेटमधली एक जागा चुकली की मेसेज अडतो

दूध संघाची पावती, पतसंस्थेने हप्ता कापल्याचा निरोप, दवाखान्याची वेळ, बँकेचा ओटीपी. भारतात व्यवसायाच्या नावाने जाणारा असा प्रत्येक एसएमएस ऑपरेटरच्या दारात तपासला जातो. पाठवणारा नोंदलेला आहे का, नाव त्याचेच आहे का, मजकूर आधी मंजूर झाला आहे का, मधले दलाल जाहीर केलेले आहेत का, हे पाहून मेसेज पुढे जातो किंवा तिथेच थांबतो. दूरसंचार नियामक ट्रायने १९ जुलै २०१८ रोजी काढलेल्या व्यावसायिक संदेशांच्या विनियमांनी ही तपासणी डिस्ट्रिब्युटेड लेजर (सगळ्यांकडे एकच प्रत असलेली सामायिक नोंदवही; हेच डीएलटी किंवा ब्लॉकचेनचे तंत्र) आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर (नियम आपोआप लागू करणारा त्या वहीवरचा प्रोग्राम) आणली. ब्लॉकचेनचे प्रकल्प मोठ्या कंपन्यांत बरेच सुरू झाले आणि बरेच बंद पडले. हा मात्र रोज चालतो, आणि सांगली-कोल्हापूरच्या दूध संघापासून मुंबईच्या बँकेपर्यंत सगळ्यांना तो वापरावाच लागतो. म्हणून एक सेवा म्हणून त्याचे परीक्षण व्हायला हवे.

आधी मत. पाया भक्कम आहे, वरचे पोर्टल कच्चे आहेत, आणि बहुतेक अपयश व्यवसायाने भरलेल्या मजकुरात असते. पहिल्या आठवड्यात नीट काम केले तर पुढे त्रास कमी होतो. घाईत उरकले तर दर महिन्याला मेसेज अडतात आणि कारण सापडत नाही.

इथे साधा डेटाबेस का चालला नसता, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल हे एकमेकांचे स्पर्धक. पाठवणाऱ्यांची नोंदवही कोणा एकाच्या ताब्यात देणे बाकीच्यांना मान्य झाले नसते. सामायिक लेजरमुळे व्यवसायाने एका ऑपरेटरकडे नोंदणी केली की ती बाकीच्यांनाही दिसते, आणि नियम सगळ्यांच्या नोडवर, म्हणजे वहीत सामील प्रत्येकाच्या संगणकावर, तोच चालतो. जहाज कंपनी मर्स्क आणि आयबीएम यांच्या ट्रेडलेन्सशी तुलना केली तर फरक कळतो. जहाज वाहतुकीची कागदपत्रे ब्लॉकचेनवर आणणारा तो मंच २०१८ मध्ये सुरू झाला. संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही असे सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली. तिथे मंचाच्या मालकांतच बाकी जहाज कंपन्यांचा एक स्पर्धक होता आणि सामील होणे ऐच्छिक होते. इथे नियामकाने सगळ्यांना एका वहीवर बसवले. आपल्या कंपनीत स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आणायचा विचार असेल, तर तंत्राच्या आधी हा प्रश्न सोडवा: वहीवर लिहिणारे कोण कोण, आणि त्यांना त्या वहीवर बसवणार कोण?

नोंदणीची पायरी सोपी आहे. व्यवसाय म्हणजे ‘प्रिन्सिपल एंटिटी’. कोणत्याही एका ऑपरेटरच्या डीएलटी पोर्टलवर संस्थेचा पॅन, जीएसटी किंवा नोंदणी प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचे ओळखपत्र आणि लेटरहेडवर सही-शिक्क्यासह अधिकारपत्र चढवायचे. मोठ्या खासगी ऑपरेटरांकडे प्रचलित शुल्क ५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये. अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण नावातील तफावत: पॅनवर ‘मर्यादित’, शिक्क्यावर ‘मर्या.’, अर्जात इंग्रजी ‘लिमिटेड’. सहकारी संस्थांना हे हमखास नडते. पॅनवर आहे तसेच नाव, विरामचिन्हांसकट, सगळीकडे लिहावे.

मंजुरीनंतर १९ आकडी एंटिटी आयडी मिळतो. टेम्प्लेटचा, म्हणजे मंजूर मजकुराचा, आयडीही १९ आकडी असतो, आणि इथे एक खड्डा आहे. एक्सेल १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकते. आयडींची यादी एक्सेलमध्ये साधी चिकटवली की शेवटचे चार आकडे गेले. पुढे त्या यादीतून सॉफ्टवेअरमध्ये भरलेला प्रत्येक आयडी चुकीचा. जावास्क्रिप्टमध्येही इतका मोठा पूर्णांक नीट टिकत नाही. त्यामुळे रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा आणि डेटाबेसमध्येही आयडी मजकूर म्हणूनच साठवावा.

हेडर म्हणजे मोबाइलवर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी सहा अक्षरे. जाहिरातीच्या मेसेजसाठी ते अक्षरी नसते, आकडी असते. संस्थेच्या नावाशी किंवा ब्रँडशी त्याचा संबंध कागदाने दाखवता आला पाहिजे. ट्रेडमार्क किंवा वेबसाइटचे डोमेन असेल तर अर्जासोबतच जोडावे. लहान-मोठ्या लिपीचा फरक मोजला जातो, म्हणून नोंदलेले हेडर जसेच्या तसे वापरावे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी आडवी रेघ आणि प्रकाराचे अक्षर येते: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’, सरकारी मेसेजसाठी ‘जी’. ते ऑपरेटर लावतो, आपण लावायचे नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा या व्यवस्थेतला सर्वात उपयोगी बदल आहे, कारण मेसेज उघडण्याआधीच त्याची जात कळते.

आता टेम्प्लेट. खरी परीक्षा इथेच होते.

टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा आधी मंजूर करून घेतलेला मजकूर. बदलणाऱ्या जागा खुणेने मोकळ्या ठेवायच्या, बाकी प्रत्येक अक्षर कायम. पाठवताना मजकूर टेम्प्लेटशी ताडला जातो. या तपासणीला धंद्यात ‘स्क्रबिंग’ म्हणतात. ८ मार्च २०२१ रोजी हे स्क्रबिंग सक्तीने सुरू झाले तेव्हा बँकांचे ओटीपी, आधारचे आणि कोविन लसीकरणाचे मेसेज देशभर अडकले, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ते सात दिवसांसाठी थांबवावे लागले. कॉन्ट्रॅक्टने सांगितलेले काम चोख केले होते. व्यवसायांचे मेसेज मात्र नोंदलेल्या टेम्प्लेटशी जुळत नव्हते किंवा टेम्प्लेट नोंदलेच नव्हते. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लागू करणाऱ्या कोणालाही हा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणूस ‘चालून जाईल’ म्हणून सोडतो ती प्रत्येक गोष्ट कॉन्ट्रॅक्टपुढे चूक ठरते.

कायम मजकुरातल्या चुका बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. दोन शब्दांत दोन रिकाम्या जागा, ओळीच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागा, वर्डमधून उतरवताना आलेली वाकडी अवतरणचिन्हे, सरळ रेघेऐवजी लांब रेघ. मराठी मेसेजमध्ये यापुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ‘भरणाऱ्या’ मधला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, स्वतंत्र ‘ऱ’ला हलंत देऊन, दोन, साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ही तसाच. तो एकसंध अक्षर म्हणून येतो, ‘अ’वर चंद्र ठेवून येतो, किंवा मध्ये अदृश्य खूण घालूनही येतो. पोर्टलवर टेम्प्लेट एका कीबोर्डने भरले आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच मजकूर दुसऱ्या माणसाने मोबाइलवरून टाइप केला, तर माणसाला एकच दिसणारे हे दोन मजकूर यंत्राला वेगळे असतात.

यावर उपाय साधा आहे. मजकूर एकदाच, नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये लिहावा. शक्य तिथे अर्धा ‘ऱ’ आणि ‘ॲ’ टाळावेत: ‘भरणाऱ्या सभासदांनी’ ऐवजी ‘सभासदांनी भरावे’. पोर्टलवर मंजूर झालेला मजकूर तिथून उतरवून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवावा, पुन्हा टाइप करू नये.

लांबीचे गणितही मराठीत वेगळे. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरे मिळतात; देवनागरीला ७०. मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती बसवावी लागते आणि तुकड्यागणिक इंग्रजीला १५३, देवनागरीला ६७ उरतात. शिवाय ही ७० म्हणजे आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, हलंत यांतले प्रत्येक एक जागा खाते. ‘खात्यातून’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. मेसेजमध्ये तो नऊ जागा घेतो. इंग्रजी मेसेजमध्ये रुपयाचे नवे चिन्ह एकदा जरी आले, तरी सगळा मेसेज १६० वरून ७० च्या हिशेबात जातो, कारण जुन्या एसएमएस अक्षरसंचात ते चिन्हच नाही. तिथे ‘रु.’चे इंग्रजी रूप लिहावे.

दूध संघाच्या पावतीचे उदाहरण घेऊ. ‘दि.१२/०६ दूध ८.५ लि फॅट ४.१ एसएनएफ ८.६ दर ३४.५० रु.२९३.२५’ या मजकुराला ५७ जागा लागतात. पुढची एक मोकळी जागा धरून संघाच्या नावाला १२ उरतात, आणि छोटे नाव त्यात बसते. याच मेसेजच्या सुरुवातीला ‘प्रिय उत्पादक,’ घातले की १५ जागा वाढतात आणि मेसेज दोन तुकड्यांचा होतो. सकाळ-संध्याकाळ मिळून उत्पादकाला महिन्याला ६० मेसेज जातात. हजार उत्पादकांचा संघ असेल तर ६०,००० ऐवजी १,२०,००० तुकड्यांचे बिल येते, फक्त एका मायन्यामुळे. टेम्प्लेट मंजुरीला पाठवण्याआधी सर्वात मोठ्या संभाव्य आकड्यांनी भरून मोजावे. नमुन्यात ‘८.५’ असते, प्रत्यक्षात एखाद्या गोठ्याचे ‘११२.५’ येते.

बदलत्या जागेवरही मर्यादा आहे. ‘व्हार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या खुणेत ३० अक्षरे बसतात. तीन भागांचे मराठी नाव देवनागरीत मात्रा-वेलांट्यांसकट तिशी सहज ओलांडते, आणि मग ठरावीक सभासदांचेच मेसेज अडतात, बाकीच्यांचे जातात. अशी तक्रार आली की सर्वात आधी नावाची लांबी पाहावी. नावाऐवजी सभासद क्रमांक किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे वापरणे सुरक्षित. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रिकामी किंमत: एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरणारे घन घटक) मोजलेच नाही तर सॉफ्टवेअर ती जागा मोकळी पाठवते आणि मेसेज अडू शकतो. तिथे ‘०’ जावा अशी सोय करून घ्यावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रायने आणखी एक पाऊल टाकले. बदलत्या जागेत काय येणार, म्हणजे आकडा, दुवा, ॲपचा दुवा की परत फोन करायचा नंबर, हे टेम्प्लेटमध्येच खुणेने नमूद करायचे; जुनी टेम्प्लेटे दुरुस्त करायला ६० दिवस दिले. कामाचा व्याप वाढवणारा, तरीही योग्य निर्णय. सर्व प्रकारच्या मोकळ्या जागा एकसारख्या असल्याने ‘रक्कम’ म्हणून ठेवलेल्या जागेत फसवा दुवा घालता येत होता. टेम्प्लेट मंजूर आणि मजकूर फसवणुकीचा, अशी स्थिती होती.

मंजुरी माणसेच देतात. साधारण एक ते तीन कामाचे दिवस धरावेत. टेम्प्लेट नाकारले जाण्याची ठळक कारणे अशी: मजकुरात संस्थेचे किंवा ब्रँडचे नाव नसणे, प्रकार चुकीचा निवडणे, कायम मजकूर नाममात्र ठेवून सगळ्या मोकळ्या जागाच ठेवणे. प्रकाराबाबत एक कसोटी पुरते. मेसेजमध्ये सवलत, नवी योजना किंवा ‘आजच भेट द्या’ असे काही असेल तर तो जाहिरात आहे, बाकी मजकूर कितीही सेवेचा असो. पावतीच्या शेवटी दिवाळी ठेव योजनेची ओळ चिकटवण्याचा मोह पतसंस्थांनी आवरावा. जाहिरात ठरलेल्या मेसेजला सकाळी १० ते रात्री ९ ही वेळ आणि १९०९ या नंबरवर ग्राहकाने जाहिराती हव्यात की नकोत म्हणून नोंदवलेली पसंती हे दोन्ही अडथळे लागू होतात, आणि मग पावतीच पोहोचत नाही.

दुवे हा वेगळा टप्पा. १ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आधी नोंदवलेला नसेल तो दुवा असलेला मेसेज जात नाही. सार्वजनिक लिंक-छोटी-करणाऱ्या सेवा वापरू नयेत. स्वतःच्या डोमेनवरचा छोटा दुवा नोंदवावा, कायमचा भाग टेम्प्लेटमध्ये ठेवावा आणि फक्त शेवटचा तुकडा बदलता ठेवावा. वेबसाइट नव्या डोमेनवर नेताना ही यादी अपडेट करण्याचे काम आयटीच्या कागदावर नसतेच, आणि नेमके तेच विसरले जाते.

मधल्या दलालांची साखळी हा या व्यवस्थेतला सर्वात ब्लॉकचेनसारखा भाग. व्यवसाय क्वचितच थेट ऑपरेटरशी जोडलेला असतो. सॉफ्टवेअरवाला, त्याच्यामागे बल्क एसएमएसचा पुरवठादार, त्याच्यामागे ऑपरेटरला जोडलेला टेलिमार्केटर, अशी रांग असते. पूर्वी मेसेज कोणत्या हातांतून गेला हे शोधता येत नसे. डिसेंबर २०२४ पासून पूर्ण साखळी लेजरवर जाहीर केलेली असावी लागते: व्यवसायाने पोर्टलवर आपला टेलिमार्केटर निवडायचा, त्याने ते स्वीकारायचे, त्याने पुढचा निवडायचा, शेवटचा ऑपरेटरपर्यंत. साखळी अर्धवट असली की मेसेज नाकारला जातो. तांत्रिक बाजूने एसएमपीपी (एसएमएस यंत्रणांमधली जोडणीची पद्धत) जोडणीत १४०० क्रमांकाच्या टॅगमध्ये एंटिटी आयडी, १४०१ मध्ये टेम्प्लेट आयडी आणि १४०२ मध्ये साखळीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळखीचा कोड, जातो. पुरवठादार बदलताना किंवा पुरवठादाराने आपला मागचा मार्ग बदलल्यावर हा हॅश बदलतो. सगळे मेसेज एकदम बंद पडले आणि मजकुरात काही बदल नसेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा. नवी साखळी मंजूर होऊन दोन-चार दिवस चालेपर्यंत जुनी काढू नये.

संमतीचा भाग अजून अपुरा वाटतो. जून २०२३ च्या निर्देशानुसार जाहिरातीसाठी ग्राहकाची संमती डिजिटल पद्धतीने घ्यायची, विचारणा १२७ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून जायची, आणि उत्तर लेजरवर नोंदायचे. कल्पना उत्तम आहे. ग्राहकाला संमती देता येते तशी मागेही घेता येते. पण व्यवसायांकडे असलेल्या जुन्या कागदी संमतींना त्या निर्देशात जागा नव्हती, आणि १२७ वरून आलेला मेसेज खरा की फसवा हे ग्रामीण ग्राहकाला ओळखता येणे अवघड. जाहिरातीवर अवलंबून असलेल्या व्यवसायाने या भागावर लगेच भिस्त ठेवू नये.

या व्यवस्थेला काय करता येत नाही, तेही स्पष्ट हवे. कॉन्ट्रॅक्ट नोंद तपासते. नोंद करणाऱ्याचा हेतू तपासत नाही. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने सांगितले की आठ हेडर वापरून तीन महिन्यांत १०,००० हून अधिक फसवे मेसेज गेले होते. त्यांच्या मालकीच्या आठ एंटिटी काळ्या यादीत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची ७३ हेडर आणि १,५२२ टेम्प्लेटेही. हे सगळे रीतसर नोंदलेले होते. कारवाई झटपट करता आली ती लेजरमुळेच, कारण एका एंटिटीच्या नावावर काय काय आहे ते एका जागी सापडले. पण दारात शिरताना कागदपत्रे तपासणारा माणूस चुकला, तर चूक लेजरवर तितक्याच पक्केपणाने नोंदली जाते. आणि व्हॉट्सॲप किंवा साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे मेसेज या तपासणीतून जातच नाहीत.

पोर्टलबद्दल तक्रार करावी तितकी थोडी. तोच मजकूर एका ऑपरेटरकडे मंजूर, दुसऱ्याकडे नामंजूर. एका ठिकाणी नोंदलेले टेम्प्लेट बाकीच्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि त्या काळात काही ग्राहकांना मेसेज जातो, काहींना नाही. टेम्प्लेट मंजूर झाल्याच्या दिवशीच मोठी फेरी सोडू नये. नाकारल्याची कारणे ऑपरेटरागणिक वेगळ्या कोडमध्ये येतात. सर्वात मोठी उणीव म्हणजे चाचणीची जागा नाही: मजकूर टेम्प्लेटशी जुळतो की नाही हे खरा मेसेज पाठवल्याशिवाय कळत नाही. म्हणून चारही ऑपरेटरांचे एकेक सिम कार्यालयात ठेवावे आणि प्रत्येक नवे टेम्प्लेट आधी त्यांवर पाठवावे, एकदा सर्वात छोट्या आणि एकदा सर्वात मोठ्या किमती घालून.

पुरवठादाराशी करार करताना एक कलम जरूर लिहून घ्यावे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे ‘पाठवला’ म्हणजे पुरवठादाराने मेसेज स्वीकारला, एवढेच. डीएलटीने नाकारल्याची खबर नंतर डिलिव्हरी रिपोर्टमध्ये येते, आणि पुष्कळ ठिकाणी तो रिपोर्ट सॉफ्टवेअर वाचतच नाही. बिल स्वीकारलेल्या मेसेजवर लागणार की पोहोचलेल्या, हे करारात हवे. स्क्रबिंगमध्ये अडलेल्या मेसेजची टेम्प्लेटवार यादी कारणासह रोज मिळाली पाहिजे. एखाद्या टेम्प्लेटचे अडलेले मेसेज अचानक वाढले तर त्या दिवशी त्याचा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये कोणी हाताळला ते आधी शोधावे.